सी मधले संच: जळगाव दिसतं, शिरपूर गायब

शिरपूर_फाटा (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बीसीए पहिलं वर्ष, शुक्रवारी सी या प्रोग्रामिंग भाषेचं प्रॅक्टिकल आहे. विषय आहे संचांवरच्या क्रिया: संयोग, छेद, फरक, पूरक. उदाहरण स्वतःचं घ्या, पुस्तकातलं १, २, ३, ४ नको, असं मॅडमनी बजावलंय. म्हणून मी खान्देशातले तालुके घेतले. जळगाव जिल्ह्याचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६, एकूण २५. हा झाला विश्वसंच. प्रत्येक तालुक्याला एक बिट दिला (० किंवा १ मावेल एवढं एक घर; १ म्हणजे तालुका संचात आहे). ० जळगाव, १ जामनेर, २ एरंडोल, ३ धरणगाव, ४ भुसावळ असं करत १४ पर्यंत जळगाव जिल्हा. १५ धुळे, १६ साक्री, १७ शिरपूर, १८ शिंदखेडा, आणि १९ ते २४ नंदुरबार जिल्हा.

अ म्हणजे केळीचे तालुके: जळगाव, रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा, शिरपूर, शहादा. ब म्हणजे तालुक्याच्या नावाचं रेल्वे स्टेशन असलेले: जळगाव, भुसावळ, रावेर, बोदवड, पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर, धरणगाव, धुळे, शिंदखेडा, नंदुरबार, नवापूर.

फोनवरून लिहितेय आणि कीबोर्ड मराठीच आहे, म्हणून कोडच्या ओळी मराठीत उतरवते. संच हा अनसाईन्ड लाँग आहे, म्हणजे ऋण नसलेला मोठा पूर्णांक. क्र म्हणजे तालुक्याचा बिट क्रमांक.

घटक टाकायला (१ ला क्र घरं डावीकडे सरकवून संचात मिसळायचा): संच = संच | (१ << क्र);
घटक आहे का बघायला (संच क्र घरं उजवीकडे सरकवून शेवटचा बिट बघायचा): (संच >> क्र) & १

फोनवरच्या कंपायलरमध्ये सगळं बरोबर. अ मध्ये ७, ब मध्ये १२, छेद जळगाव आणि रावेर. कॉलेजच्या लॅबमध्ये तोच प्रोग्राम अक्षर न बदलता टाइप केला तर अ मध्ये ५ च. शिरपूर आणि शहादा गेले. आणि ब मध्ये भलतंच, १८ नावं छापली आणि खाली घटकसंख्या २५ लिहून आली! दोन तास बसले होते. मॅडम म्हणाल्या टायपिंगची चूक असेल. नाहीये हो.

कळणं_भाकर (रात्री ९:५२)

जळगाव जिल्हा पुरा दिसस आनि धुळं-नंदुरबार गायब? यात नवीन काय शे? आम्हना धुयानं नशीबच तसं शे.

मेहरूणची_बोरं (रात्री ९:५५)

केळी फक्त सातच तालुक्यांत होते हे कोणी सांगितलं? भुसावळ सोडलंत. आणि जामनेरला गाडी येत नव्हती का? पाचोऱ्याहून पीजे जायची की. आमच्या आत्याकडे आम्ही तिनेच जायचो.

शिरपूर_फाटा (रात्री १०:०१)

पीजे आता बंद आहे, म्हणून नाही घेतलं. केळीचं मी माझ्यापुरतं ठरवलंय, प्लीज त्यावर नको.

वरणबट्टी (रात्री १०:१०)

अहो ताई, बिटांच्या भानगडीत पडलाच कशाला? सरळ अ‍ॅरे, म्हणजे ओळीने लावलेली यादी, घ्या भो. संयोग करायचा तर अ चे सगळे घटक क मध्ये उतरवायचे, मग ब चा एकेक घटक उचलून तो अ मध्ये सापडतो का बघायचं, नसेल तरच क मध्ये टाकायचा. छेदाला उलट, सापडला तर टाकायचा. फरकाला अ चा घटक ब मध्ये नसेल तर टाकायचा. झालं. फक्त क ची लांबी दोन्हींच्या बेरजेएवढी ठेवा. सामाईक काहीच निघालं नाही तर तेवढी जागा लागतेच. मी एकदा मोठ्या संचाएवढीच ठेवली होती, तर शेजारच्या व्हेरिएबलवर लिहून बसलो. एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसते आकडे वेडेवाकडे.

जुना_कंपायलर (रात्री १०:३४)

वरणबट्टी, पद्धत बरोबर आहे. पण पोरीने बिट घेतलेत ते चांगलं केलंय, तिला मागे ओढू नका. सी मध्ये संच नावाचा प्रकारच नाही. पास्कलमध्ये होता, वर्थ यांनी १९७० मध्येच भाषेत दिला होता. रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी केली ती ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला. त्यांनी बिट हाताशी दिले आणि वरचं तुमचं तुम्ही बांधा म्हटलं. त्यामुळे सी मध्ये संच लिहायचा म्हणजे आधी तो ठेवायचा कशात हे आपण ठरवायचं, आणि त्याची कुंपणंही आपणच घालायची.

शिरपूर_फाटा, उद्या लॅबमध्ये एवढंच कर. रिकामा संच घे. त्यात एकटं शिरपूर टाक आणि छाप. पुन्हा रिकामा घे, एकटं धुळे टाक आणि छाप. घटकसंख्याही छाप. ती कशी मोजतेस तेही सांग. आणि लॅबचा पडदा निळा आहे का?

शिरपूर_फाटा (मंगळवार, दुपारी २:१५)

हो सर, निळा. काळ्या खिडकीत उघडतो आणि माउस नीट चालत नाही.

एकटं शिरपूर: काहीच छापलं नाही. घटकसंख्या ०.
एकटं धुळे: धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा आणि नंदुरबारचे सहाच्या सहा, मिळून १० नावं. घटकसंख्या १७!

मोजायला वर्गातल्या एकाने दिलेली युक्ती वापरली: संच शून्य होईपर्यंत संच = संच & (संच - १) करत राहायचं आणि फेऱ्या मोजायच्या. दर फेरीला सगळ्यात खालचा एक पेटलेला बिट विझतो, असं तो म्हणाला.

शिरपूर टाकलं तर शिरपूर येत नाही आणि धुळे टाकलं तर शिरपूर येतं. आता हसावं की रडावं?

कळणं_भाकर (दुपारी २:२०)

जिल्ह्याचं ठिकाण आलं की तालुके आपोआप मागे येतात. कंपायलर सरकारी दिसतोय.

जुना_कंपायलर (रात्री ९:०५)

आता सापडलं. शांतपणे वाच.

निळा पडदा म्हणजे टर्बो सी, डॉसच्या काळातला. त्या काळाच्या मानाने तो बरोबरच वागतोय. त्यात इंट, म्हणजे साधा पूर्णांक, १६ बिटांचा आहे. तुझ्या फोनवर इंट ३२ बिटांचा. भाषेचं मानक एवढंच सांगतं की इंट किमान १६ बिटांचा हवा, म्हणजे दोघेही नियमात आहेत.

तुझी ओळ बघ: संच | (१ << क्र). डावीकडचा संच लाँग आहे, ३२ बिटांचा, त्याच्यात जागा आहे. पण कंसातला तो १ कोण आहे? तो साधा इंट. कंस आधी सुटतो आणि कंसाच्या आत संच कुठे आहे हे त्या १ ला माहीतच नसतं. तो आपल्या १६ घरांतच सरकतो. ० ते १४ म्हणजे जळगाव जिल्हा, तिथवर सगळं सुरळीत. क्र १७ झाला की १ ला १७ घरं सरकवायचं, आणि घरंच १६. मानकाच्या भाषेत याचं उत्तर अनिश्चित आहे, म्हणजे काहीही होऊ शकतं. तुझ्या लॅबमध्ये तो पलीकडे पडून शून्य होतो. शून्य मिसळून संच बदलत नाही. शिरपूर गेलं.

आता धुळे, क्र १५. सोळावं घर, म्हणजे इंटमधलं चिन्हाचं घर. तिथे १ गेला की संख्या -३२७६८ होते. ही ऋण संख्या ३२ बिटांच्या लाँगमध्ये न्यायची तर तिचं ऋणपण टिकवायला वरची सगळी घरं १ ने भरली जातात. म्हणजे १५ पासून ३१ पर्यंत सगळे बिट पेटले. १५ ते ३१ म्हणजे किती? १७. तुझी घटकसंख्या. तू छापतेस फक्त २४ पर्यंत, म्हणून १० नावं दिसली. उरलेली ७ घरं तुझ्या यादीत नाहीत, पण पेटलेली आहेत. ब चं कोडंही यातच सुटलं: जळगाव जिल्ह्यातले ८, अधिक १० म्हणजे १८ नावं, आणि ८ अधिक १७ म्हणजे २५.

वर्गातल्या त्या मुलाला माझ्याकडून चहा. त्याच्या मोजणीनेच चोर सापडला. तू ० ते २४ फिरून मोजलं असतंस तर १७ कधी दिसलेच नसते.

उपाय एका अक्षरजोडीचा. त्या १ ला चिकटून यू आणि एल लिही, म्हणजे तो १ स्वतःच अनसाईन्ड लाँग होतो आणि ३२ घरांत सरकतो.

शिरपूर_फाटा (बुधवार, दुपारी १:३०)

सर!!! झालं!!! लॅबमध्ये अ ७, ब १२, छेद २, संयोग १७. फरकासाठी अ & ~ब लिहिलं तर यावल, मुक्ताईनगर, चोपडा, शिरपूर, शहादा असे पाच आले, बरोबर. ब वजा अ केलं तर दहा. फरकाला बाजू असते हे डोक्यात नव्हतं, आधी मी दोन्ही एकच समजत होते.

पण पूरक चुकतोय. संयोगाचा पूरक म्हणजे केळीही नाही आणि रेल्वेही नाही असे तालुके. २५ वजा १७ म्हणजे ८ हवेत. नावं ८ च छापतो: जामनेर, एरंडोल, पारोळा, भडगाव, साक्री, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी. घटकसंख्या मात्र १५.

पुण्यातला_खान्देशी (दुपारी १:४१)

ऑफिसातून पटकन. तीच ७ रिकामी घरं. ~ केलं की शून्याचे सगळे एक होतात, यादीबाहेरचेसुद्धा. पूरक नेहमी विश्वसंचाशी छेदून घे. विश्वसंच म्हणजे दोनचा पंचविसावा घात वजा १. मीटिंगला पळतो.

शिरपूर_फाटा (दुपारी ३:२०)

केलं. विश्व = (२^२५) - १; आणि मग पूरक & विश्व. आता आठांऐवजी एकटं जामनेर येतंय. 😭

मेहरूणची_बोरं (दुपारी ३:२४)

पीजेचा शाप.

जुना_कंपायलर (रात्री ८:५०)

हसून घेतलं आधी, रागावू नकोस. पुण्यातल्या भाऊंनी गणिताच्या भाषेत सांगितलं आणि तू कॅल्क्युलेटरच्या भाषेत लिहिलंस. सी मध्ये ^ म्हणजे घात नव्हे. घाताचं चिन्हच सी मध्ये नाही. ^ म्हणजे दोघांपैकी नेमक्या एकातच असलेले बिट.

हाताने करून बघ. २ म्हणजे ०००१०. २५ म्हणजे ११००१. वेगळे असतील तिथे १ लिही: ११०११, म्हणजे २७. वजा १ केले, २६. २६ म्हणजे ११०१०. उजवीकडून शून्यापासून मोज, पेटलेली घरं १, ३ आणि ४. तुझ्या यादीत जामनेर, धरणगाव, भुसावळ. तुझ्या विश्वात एवढे तीनच तालुके उरले होते. त्यातल्या धरणगाव आणि भुसावळला रेल्वे आहे म्हणून ते पूरकात नाहीत. उरलं जामनेर. प्रोग्राम तुझं ऐकतच होता.

बरोबर ओळ: विश्व = (१ << २५) - १, अर्थात त्या १ ला यू आणि एल जोडून. एकाला २५ घरं सरकवलं की ३,३५,५४,४३२, त्यातून एक काढला की खालची २५ घरं पेटतात आणि वरची विझतात.

आणि ते ^ टाकून देऊ नकोस. अ ^ ब म्हणजे केळी किंवा रेल्वे यांतलं एकच असलेले तालुके, पुस्तकात ज्याला सममित फरक म्हणतात. तुझं उत्तर १५ यायला हवं.

शिरपूर_फाटा (रात्री ९:१०)

१५ आलं 🙏 पूरकही ८.

वरणबट्टी (रात्री ९:१८)

माझाही एक सोडवा सर. मी अ‍ॅरेवाला. मेनमध्ये लिहिलं तेव्हा चालत होतं. संयोगाचं फंक्शन वेगळं काढलं आणि आत साइझऑफने लांबी काढली (एकूण बाइट भागिले एका घटकाचे बाइट), तर अ चे पहिले दोनच घटक घेतो. सगळे इंटच आहेत.

पुण्यातला_खान्देशी (रात्री ९:३०)

फंक्शनला अ‍ॅरे दिला की आत अ‍ॅरे पोचत नाही, पहिल्या घटकाचा पत्ता पोचतो. पत्ता ८ बाइटचा, इंट ४ चा, भागाकार २. निळ्या पडद्यावर गेलात तर बहुतेक एकच घटक घेईल, तिथे नेहमीच्या मांडणीत दोन्ही २ बाइटचे. लांबी वेगळी पाठवा, दुसरा इलाज नाही.

जिनिंगचा_मुनीम (रात्री १०:०५)

मला सी येत नाही. मुलाने हा धागा दाखवला म्हणून लिहितो. अमळनेरकडे एका जिनिंगवर तीस-बत्तीस वर्षं हिशेब लिहिला. तुम्ही जे फरक म्हणता ते आम्ही दर शनिवारी करायचो.

दोन वह्या असत. एकीत आवक, म्हणजे कापूस कोणी आणला. दुसरीत चुकारे, पैसे कोणाला पोचले. आवक वजा चुकारे म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचे राहिले ते. सोमवारी तेच लोक दारात उभे, म्हणून ती यादी चुकून चालत नसे. पण शेठ मला नेहमी उलटी यादीही काढायला लावत. चुकारे वजा आवक. पैसे घेतले पण कापूस आणलाच नाही, असे. ती यादी रिकामीच निघायला हवी. एका वर्षी त्यात एक नाव निघालं, तेव्हा कळलं की उलटी का काढायची.

काढायची रीत अशी. दोन्ही याद्या आधी अ-आ-इ प्रमाणे लावून घ्यायच्या. डाव्या हाताचं बोट एका वहीवर, उजव्याचं दुसरीवर. दोन्ही नावं सारखी, तर दोन्ही बोटं खाली. डावीकडचं नाव आधीचं, तर ते उजवीकडे नाहीच, त्याच्यावर खूण करायची आणि फक्त डावं बोट खाली. उजवीकडचं आधीचं, तर फक्त उजवं. एकदाही मागे यायचं नाही. उजवीकडची वही आधी संपली तर डावीतलं उरलेलं सगळं तसंच उतरवायचं; डावी संपली की काम झालं. नवा पोऱ्या आला की तो प्रत्येक नावासाठी दुसरी वही पहिल्यापासून चाळायचा. त्याला रात्र व्हायची.

जुना_कंपायलर (रात्री १०:२२)

मुनीमजी, तुम्हाला सी येत नाही असं परत म्हणू नका. वरणबट्टी, वाचलंत ना? तुमची पद्धत त्या पोऱ्याची. ४०० आणि ६०० नावं असली तर वाईटात वाईट २,४०,००० तुलना. मुनीमजींच्या बोटांना हजारच्या आत. याद्या लावायला वेळ लागतो तो वेगळा, पण तो एकदाच. आणि खूण कधी करायची तेवढं बदललं की त्याच दोन बोटांनी संयोग, छेद, फरक तिन्ही निघतात.

जिनिंगचा_मुनीम (रात्री १०:३१)

एक राहिलं. एकाच माणसाचं नाव एका वहीत आडनावापासून, दुसरीत पाळण्यातल्या नावापासून. किंवा एकीत गांव वर टिंब, दुसरीत नाही. बोटं तिथे फसतात.

पुण्यातला_खान्देशी (रात्री १०:४४)

तेच मशीनचं. 'धरणगाव' आणि 'धरणगांव' त्याच्या लेखी दोन घटक. शिवाय सी मध्ये नावं == ने तपासली तर तो अक्षरं बघतच नाही, दोन्ही शब्द मेमरीत एकाच पत्त्यावर आहेत का एवढं बघतो. कीबोर्डवरून घेतलेली दोन 'रावेर' कधीच सारखी निघणार नाहीत. स्ट्रिंग कम्पेअरचं फंक्शन वापरा, ते शून्य देतं तेव्हा दोन्ही सारखी. शिरपूर_फाटाने नावांऐवजी क्रमांक घेतले त्यात ती यातून सुटली.

जाता जाता गंमत: जीसीसी या सी कंपायलरच्या १० व्या आवृत्तीपासून व्हेरिएबलची नावं थेट देवनागरीत लिहिलेली चालतात. या धाग्यातला 'संच' खरंच चालेल. अंक मात्र इंग्रजीच लागतात. ऑफिसात करू नका, रिव्ह्यूला मीच असतो.

पाटणादेवी_पायवाट (गुरुवार, सकाळी ७:५०)

चाळीसगावहून. दोन दिवस नुसतं वाचत होतो. बिटांचे संच म्हटल्यावर आमच्याकडचं सांगितल्याशिवाय राहवेना.

पाटणच्या जुन्या देवळात चांगदेवाचा शिलालेख आहे. चांगदेव म्हणजे भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्याने तिथे मठ काढला, १२०७ च्या सुमारास. भाऊ दाजींनी तो लेख उजेडात आणला. लीलावतीत त्या आजोबांनी एक प्रश्न घातलाय: गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट, कडू हे सहा रस एकेक, दोन-दोन, तीन-तीन असे घेतले तर पदार्थाचे किती प्रकार होतील? उत्तर ६ + १५ + २० + १५ + ६ + १ = ६३.

आता सहा रसांना सहा बिट द्या आणि १ पासून ६३ पर्यंत मोजत जा. प्रत्येक आकडा म्हणजे एक पदार्थ. वेगळं काही करावंच लागत नाही, मोजलं की सगळे उपसंच आपोआप ओळीने येतात. ० म्हणजे रिक्त संच, ज्यात कुठलाच रस नाही. तो भास्कराचार्यांनी धरला नाही, ताटात वाढता येत नाही म्हणून असेल. मी प्रोग्राम केला आणि पडद्यावर ६३ ओळी येताना बघितल्या. भरीत कुठल्या ओळीत बसतं त्यावर घरात वाद झाला. बायको म्हणते मिरची खान्देशी असेल तर तिखटाला दोन बिट द्या.

त्याच श्लोकात राजवाड्याचंही आहे. आठ झरोके, एकेक दोन-दोन करत किती प्रकारे उघडता येतील? २५५.

जुना_कंपायलर (सकाळी ८:३०)

२५५! एका बाइटात मावणारी सगळ्यात मोठी संख्या. शिरपूर_फाटा, हे तोंडीला लक्षात ठेव. आणि त्यातला खड्डाही. मोजणारा व्हेरिएबल अनसाईन्ड कॅरेक्टर ठेवून 'जोवर २५५ पेक्षा मोठा नाही तोवर' असं लूप लिहिलंस तर ते कधीच संपणार नाही. २५५ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो, त्याच्यापेक्षा मोठा होऊच शकत नाही. मी स्वतः पोरांसमोर फळ्याशेजारच्या मशीनवर हे केलंय. झरोके रात्रभर उघडत-मिटत राहिले असते, नशीब वीज गेली.

शिरपूर_फाटा (गुरुवार, रात्री ९:१५)

उद्या सकाळी प्रॅक्टिकल. शेवटचं एक. उपसंच तपासायला अ & ब == अ लिहिलं. अ मध्ये एकटं रावेर ठेवलं, म्हणजे तो ब चा उपसंच आहे, तरी 'नाही' म्हणतो.

पुण्यातला_खान्देशी (रात्री ९:२२)

कंस. (अ & ब) == अ. नाहीतर तो आधी ब == अ सोडवतो. सी मध्ये == चा मान & पेक्षा वरचा.

जुना_कंपायलर (रात्री ९:४०)

हे जुनं दुखणं आहे आणि रिचींनी स्वतः लिहून ठेवलंय. सुरुवातीला 'आणि' साठी & एकच चिन्ह होतं, अटींनाही आणि बिटांनाही. तेव्हा तो क्रम सोयीचा होता. मग && वेगळं काढलं, पण तोवर लिहिलेला कोड मोडू नये म्हणून & ला जुन्याच जागी ठेवलं. तू कंस घाल आणि झोप.

शिरपूर_फाटा (शुक्रवार, दुपारी ४:१०)

झालं! प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला. बाहेरून आलेले सर मालेगावचे निघाले. सगळं बघितलं, ^ का वापरला विचारलं, १ ला यू-एल का लावला विचारलं (जळगाव-धुळ्याची गोष्ट सांगितली, हसले). मग पूरक बघून म्हणाले, "विश्वसंच चुकलाय. मालेगाव कुठे आहे?" मला काही सुचेना. मी म्हटलं सर, २५ तालुके. ते म्हणाले, "ते आजचे तीन जिल्हे झाले. खान्देश कुठवर, ते आधी ठरव, मग पूरक काढ."

कळणं_भाकर (दुपारी ४:१८)

सर बरोबर शेत. मालेगाव बी आम्हनंच शे. आनि बागलाण, कळवण, देवळा? तठे अहिराणीच बोलतंस ना.

जिनिंगचा_मुनीम (दुपारी ४:४०)

१८६९ ला नाशिक जिल्हा झाला तेव्हा ती बाजू तिकडे गेली. माझ्या आजोबांच्या तोंडी अजून पूर्व खान्देश, पश्चिम खान्देश असायचं.

मेहरूणची_बोरं (दुपारी ४:४४)

मग बऱ्हाणपूर? फारुकी सुलतानांची राजधानी सोडून खान्देश कसा?

शिरपूर_फाटा (सायंकाळी ५:०२)

मालेगाव, बागलाण, कळवण, देवळा, बऱ्हाणपूर धरले तर ३० होतात. ३२ घरं आहेत, बसतात. फक्त २५ च्या जागी ३० लिहायचं.

पाटणादेवी_पायवाट (सायंकाळी ५:०९)

आमच्या शेजारचं कन्नड आणि सोयगावही घ्या मग. अर्धे बाजारहाटाला इकडेच येतात.

जुना_कंपायलर (सायंकाळी ५:३०)

थांबा. बरोबर ३२ झाले. संच अजून मावतो, पण पोरी, तुझी विश्वसंचाची ओळ आता गेली. ३२ घरांच्या १ ला ३२ घरं सरकवायचं म्हणजे पुन्हा शिरपूरचाच प्रकार. पूर्ण भरलेल्या विश्वाला ~० लिही, त्या शून्याला यू-एल लावून. आणि तेहतिसावा कोणी सुचवला तर निळ्या पडद्यावर लाँगच्या वर काही नाही, दोन लाँगचा अ‍ॅरे करावा लागेल.

मेहरूणची_बोरं (सायंकाळी ५:३३)

नांदगाव राहिलं.